एलएसडी१ अॅक्टिव्हिटी अॅसे किट: शुद्ध एन्झाइमला मस्त, न्यूक्लिअर एक्स्ट्रॅक्टला घेऊ नका

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. या टाईपचे किट चार-पाच कंपन्या विकतात, आत जवळपास तोच माल असतो, डब्याचा रंग तेवढा बदलतो, त्यामुळे तुम्ही कुणाचाही घेतलात तरी खालचं बरंचसं लागू पडेल. किट आहे एलएसडी१ ची, म्हणजे ज्याला आता केडीएम१ए म्हणतात त्या हिस्टोन डीमिथायलेजची (डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रोटीनवरचे मिथाईलचे छोटे रासायनिक गट काढणाऱ्या एन्झाइमची) अॅक्टिव्हिटी मोजायचा. ९६ वेलचा, फ्लुओरेसन्सवाला. ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल असा, की शुद्ध एन्झाइम हाताशी आहे आणि चार-दोन इन्हिबिटर, म्हणजे त्याला अडवणारे पदार्थ, तपासायचेत तर बिनधास्त घ्या. पेशी फोडून न्यूक्लिअर एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे केंद्रकातला अर्क, काढून त्यात डीमिथायलेज किती चालतंय ते बघायचंय, तर घेऊ नका, पैसे पाण्यात. डब्यावर मात्र दोन्हीला चालतो असं ठळक छापलंय. पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक फक्त डायसाठी.

आम्हाला हा कशाला लागला ते थोडक्यात. लॅबचं काम फीटल हिमोग्लोबिनवर, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या गॅमा-ग्लोबिनवाल्या हिमोग्लोबिनवर आहे. बाळ जन्मल्यावर गॅमा-ग्लोबिनचं जनुक हळूहळू बंद होतं आणि बीटा-ग्लोबिन कारभार हातात घेतं, सिकलसेलमध्ये बिघाड बीटात असतो, म्हणजे गॅमा परत चालू करता आलं तर पेशंटचं भलं, हे गणित जुनंच आहे, हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलच्या औषधाचा मोठा फायदा याच वाटेने होतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार किती आहे ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. तर गॅमाला गप्प बसवणाऱ्या टोळक्यात एलएसडी१ पण असतं, टीआर२ आणि टीआर४ नावाचे रिसेप्टर त्याला तिथे घेऊन जातात, आणि २०१३ मध्ये नेचर मेडिसिनला पेपर आला की एलएसडी१ अडवलं तर माणसाच्या एरिथ्रॉइड (लाल रक्तपेशी बनवणाऱ्या) पेशींत गॅमा-ग्लोबिन वाढतं, मानवी ग्लोबिन जनुकं घातलेल्या उंदरांतही वाढतं. आमच्याकडे काही कंपाउंड आणि काही झाडपाल्याचे अर्क पडून होते, ते एलएसडी१ ला खरंच अडवतात का एवढंच बघायचं होतं. म्हणून इंडेंट टाकला.

किट नक्की काय मोजतो ते कळल्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थ नाही, म्हणून थोडी केमिस्ट्री सहन करा. हिस्टोनवर एकदा मिथाईल बसलं की ते पक्कं, हिस्टोनच बदलला तर जाईल, असंच बराच काळ बहुतेक लोक धरून चालले होते. १९७३ मध्ये पेक आणि किम यांनी हिस्टोनवरचं मिथाईल काढणारी एन्झाइम अॅक्टिव्हिटी असल्याचं लिहिलं होतं, पण ते प्रोटीन कोणतं ते काही हाती लागलं नाही आणि विषय मागे पडला. मग २००४ च्या डिसेंबरमध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या यांग शी यांच्या लॅबचा पेपर सेल या जर्नलमध्ये आला आणि एलएसडी१ जगासमोर आलं. गंमत म्हणजे प्रोटीन नवीन नव्हतंच, न्यूरॉनची जनुकं बाकीच्या पेशींत बंद ठेवणाऱ्या कोरेस्टच्या कॉम्प्लेक्समध्ये ते आधीच सापडलेलं होतं, तिथे बसून ते करतं काय एवढंच कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी दाखवलं की ते एच३ हिस्टोनच्या चौथ्या जागेवरच्या लायसिनवरचं एक किंवा दोन मिथाईल काढतं, आणि आरएनएआयने (जनुकाचं प्रोटीन बनणं रोखायच्या तंत्राने) त्याला कमी केलं की त्या जनुकांवर मिथाईल वाढतं आणि बंद जनुकं बोलायला लागतात. या चौथ्या जागेवरच्या लायसिनवरचं मिथाईल हे साधारण चालू जनुकांचं लक्षण, म्हणजे ते पुसणारा हा जनुक बंद करणाऱ्यांच्या पार्टीतला.

पुसतो कसा, तर एफएडी नावाच्या, एन्झाइममध्येच बसलेल्या मदतनीस रेणूच्या मदतीने. मिथाईलवाल्या नायट्रोजनजवळचे हायड्रोजन एफएडी ओढून घेतो, मध्ये इमीन बनतं, त्यात पाणी शिरतं आणि मिथाईल फॉर्मल्डिहाइड होऊन बाहेर पडतं. एफएडीला परत जागेवर यायला ऑक्सिजन लागतो आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. या इमीनच्या भानगडीसाठी नायट्रोजनकडे मोकळी इलेक्ट्रॉनची जोडी हवी, तीन मिथाईल बसले की ती राहत नाही, म्हणून ट्राय-मिथाईलला एलएसडी१ हात लावू शकत नाही. हे लक्षात ठेवा, पेप्टाइडच्या वेळी उपयोगी पडेल.

तर एक मिथाईल निघालं की एक फॉर्मल्डिहाइड आणि एक पेरॉक्साइड. हा किट पेरॉक्साइड पकडतो. एचआरपी, म्हणजे हॉर्सरॅडिशचं पेरॉक्सिडेज, ते पेरॉक्साइड वापरून एका बिनरंगी डायचं रिसोरुफिन करतं, गुलाबी, ५४० नॅनोमीटरला एक्साइट करा आणि ५९० ला वाचा, झालं. म्हणजे हिस्टोनवरचं मिथाईल गेलं का हे किट बघतच नाही, चुलीवर काय शिजतंय ते न बघता धुरावरून स्वयंपाक ओळखायचा असा प्रकार आहे. चुलीत दुसरं काही जळत नसेल तर धुरावरून बरोबर कळतं. माझी सगळी तक्रार आणि सगळं कौतुक या एकाच गोष्टीत आहे.

आता डिलिव्हरी. डिस्ट्रीब्युटरने सांगितलेला वेळ आणि आलेला वेळ यांचा संबंध नव्हता, ते आपल्याकडे गृहीतच असतं, तीन कोटेशन, पर्चेसची सही, मग इम्पोर्ट, मग कस्टम्स. खरा राग आला तो बॉक्स उघडल्यावर. ऐन उन्हाळ्यात आला, थर्माकोलच्या पेटीत ड्राय आइसचा मागमूस नाही, जेल पॅक बोटाने दाबले जातायत इतके मऊ, आणि कुरिअरवाला सही द्या म्हणून घाई करतोय. मी उघडतानाच फोटो काढले, पेटीत थर्मामीटर घालून रीडिंगचा फोटो काढला, आणि चलनावरच "पार्सल गरम मिळालं" असं लिहून सही केली. हे सगळ्यांनी करा, नंतर मेल करून काही होत नाही, चलनावर लिहिलेलं असलं की डिस्ट्रीब्युटरला पळवाट राहत नाही. बरीच तणतण झाल्यावर एन्झाइमची ट्यूब तेवढी बदलून मिळाली. मी दोन्ही ट्यूब शेजारी-शेजारी लावून बघितल्या तर गरम आलेलीची अॅक्टिव्हिटी नव्या ट्यूबच्या निम्मीही नव्हती. जिनं पहिली ट्यूब मुकाट्याने वापरली असती तिला वाटलं असतं किटच भंगार आहे.

डब्यात काय काय आहे: बफर, एन्झाइमची छोटी ट्यूब (उघडायच्या आधी स्पिन करा, सगळं झाकणाला चिकटलेलं असतं), एच३ चं डाय-मिथाईल पेप्टाइड (हिस्टोनचा दोन मिथाईलवाला छोटा तुकडा), एचआरपी, डीएमएसओ या द्रावकातली डाय काळसर ट्यूबमध्ये, पेरॉक्साइड स्टँडर्ड, पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून एलएसडी१ ला अडवणारं ट्रॅनिलसिप्रोमिन आणि एक काळी प्लेट. डाय उघडल्या-उघडल्या बघा, जवळजवळ बिनरंगी हवी. आधीच गुलाबीसर झाली असेल तर तिला हवा किंवा उजेड लागलाय, बॅकग्राउंड एवढा येईल की छोटा सिग्नल त्यात बुडून जाईल, तसाच फोटो काढून परत पाठवा. आमची मात्र छान होती, अॅलिकोट करून -२० ला ठेवली आणि शेवटपर्यंत टिकली. स्टार तिचाच. डीएमएसओ फ्रीजच्या तापमानाला दगड होतो, तेव्हा काढल्यावर पूर्ण वितळू द्या, घाईत वरवरचं घेऊ नका.

माहितीपत्रक चार पानी, आणि त्यात पेप्टाइडचं कॉन्सन्ट्रेशन दिलेलं नाही. "१ मायक्रोलिटर घाला" एवढंच. विचारलं तर प्रोप्रायटरी म्हणे. अहो, कॉन्सन्ट्रेशनच माहीत नसेल तर केएम आणि केआय (एन्झाइम आणि इन्हिबिटर यांची ताकद सांगणारे आकडे) काढायचा कसा, नुसता पर्सेंट इन्हिबिशन छापून कुठला रिव्ह्यूअर सोडणार आहे? यासाठी पूर्ण एक स्टार कापला, आणि तो कापताना जराही वाईट वाटलं नाही.

शुद्ध एन्झाइमवर मात्र किट खरंच चांगला चालला. एलएसडी१ स्वभावाने संथ एन्झाइम आहे, मिनिटाला मोजकेच फेरे मारतं, पण डाय इतकी सेन्सिटिव्ह आहे की अर्ध्या तासात ब्लँकच्या वर स्वच्छ रेघ दिसायला लागते. रेघ सरळ आहे तोवरचंच रीडिंग धरा. एन्झाइम सढळ हाताने घालून लवकर उरकायला गेलात तर पेरॉक्साइड जास्त झाल्यावर एचआरपी रिसोरुफिनलाच पुढे ऑक्सिडाइज करून फिका करतं आणि सिग्नल वर जायच्या ऐवजी खाली यायला लागतो, बघणाऱ्याला वाटतं इन्हिबिटर लागू पडला. पेरॉक्साइडचा स्टँडर्ड कर्व्ह दर वेळी ताजा डायल्यूट करून लावा, कालचा आज चालत नाही. आणि एन्झाइम स्वतः बनवलेलं असेल आणि स्टोरेज बफरमध्ये डीटीटी (प्रोटीनला ऑक्सिडेशनपासून जपणारं रसायन) असेल तर आधी डीसॉल्ट करून, म्हणजे ते गाळून काढून घ्या, डीटीटी या डायच्या केमिस्ट्रीचा बट्ट्याबोळ करतं. अझाइड हे प्रिझर्व्हेटिव्ह पण नको, एचआरपी बंद पडतं.

ट्रॅनिलसिप्रोमिनबद्दल थोडं थांबून लिहिते कारण इथे पत्रकच दिशाभूल करतं. हे औषध १९६० च्या दशकापासून डिप्रेशनसाठी आहे, मोनोअमाईन ऑक्सिडेज अडवतं, आणि एलएसडी१ त्याच घराण्यातलं एफएडीवालं एन्झाइम म्हणून त्यालाही अडवतं, पण कमजोर. महत्त्वाचं म्हणजे ते एफएडीला कायमचं चिकटतं. कायमचं चिकटणाऱ्याला वेळ द्यावा लागतो, म्हणजे एन्झाइम आणि इन्हिबिटर आधी नुसते एकत्र ठेवायचे, पेप्टाइड न घालता, आणि मग पेप्टाइड घालून सुरुवात करायची. पत्रकात सगळं एकदम घालून प्लेट रीडरमध्ये सरकवा असं दिलंय. आम्ही शून्य मिनिटं, दहा, तीस आणि साठ अशी प्री-इन्क्युबेशन लावली आणि त्याच औषधाचा आयसी५०, म्हणजे एन्झाइम निम्मं अडवायला लागणारं प्रमाण, दर पायरीला खाली घसरत गेला. म्हणजे पत्रकाप्रमाणे केलं तर ट्रॅनिलसिप्रोमिन जवळजवळ निकामी दिसतं आणि पेप्टाइडशी जागेसाठी भांडणारा एखादा साधा रिव्हर्सिबल (चिकटून परत सुटणारा) कंपाउंड त्याच्या पुढे जातो. आयसी५० लिहिताना प्री-इन्क्युबेशनची मिनिटं लिहिली नाहीत तर त्या आकड्याला काही किंमत नाही, तुलना तर सोडाच.

आता आपल्याकडच्या सगळ्यांच्या लाडक्या विषयावर येते, हळद. भारतात एन्झाइमचा कुठलाही अॅसे उभा राहिला की कुणीतरी त्यात कर्क्युमिन टाकतंच, आणि आमच्या लॅबनेही टाकलं, गाईडची इच्छा. पहिल्या प्लेटवर सगळे अर्क एकदम हिट! ग्रीन टीचा, आवळ्याचा, हळदीचा, सगळे एलएसडी१ चे जबरदस्त इन्हिबिटर, ज्युनिअर मंडळी पेपरचं टायटल ठरवायला लागली. मी तेव्हाच म्हटलं थांबा, आणि एन्झाइम न घालता, नुसतं पेरॉक्साइड स्टँडर्ड, एचआरपी, डाय आणि अर्क अशी प्लेट लावली. त्यातही सिग्नल तितकाच पडला. हे फिनॉलवाले पदार्थ स्वतःच एचआरपीचे सबस्ट्रेट, म्हणजे खाद्य, असतात, पेरॉक्साइड खातात, डायच्या वाटणीचं पळवतात, एलएसडी१ शी त्यांचा काडीचा संबंध असायला लागत नाही. काही क्विनोनसारखे कंपाउंड डीटीटीबरोबर उलट नवीन पेरॉक्साइडच बनवतात, ते वेगळंच. कर्क्युमिन असल्या अॅसेंमध्ये खोटे हिट देतं हे २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीच्या मोठ्या लेखात सविस्तर आलंय. तर ही एन्झाइमशिवायची प्लेट, काउंटर-स्क्रीन म्हणतात तिला, ती लावल्याशिवाय या किटवरचा एकही हिट हिट म्हणू नका. पत्रकात या प्लेटचा उल्लेखसुद्धा नाही, आणि पेरॉक्साइड स्टँडर्ड इतकं थोडं दिलंय की ती लावायची म्हटली तर वेगळं पेरॉक्साइड विकत घ्यावं लागतं.

आणि आता न्यूक्लिअर एक्स्ट्रॅक्ट. केशरी चौकोनात छापलंय, "न्यूक्लिअर एक्स्ट्रॅक्टसाठी उपयुक्त". पेशीत कॅटलेज असतं, पेरॉक्सिरेडॉक्सिन असतात, ग्लुटाथायोन असतं, सगळ्यांचं कामच मुळी पेरॉक्साइड संपवायचं. एक्स्ट्रॅक्ट कितीही नेटकं काढलं तरी त्यातलं काहीतरी येतंच. मी साधी टेस्ट केली, ठरावीक पेरॉक्साइड एकदा बफरमध्ये घातलं आणि एकदा एक्स्ट्रॅक्टमध्ये घातलं आणि वाचलं, एक्स्ट्रॅक्टमधलं जवळपास गायब. म्हणजे एलएसडी१ ने कितीही इमानेइतबारे काम केलं तरी त्याचं पेरॉक्साइड डायपर्यंत पोचणार नाही. दुसरी बाजू याहून वाईट, कारण एक्स्ट्रॅक्टमध्ये पेरॉक्साइड बनवणारीही बरीच मंडळी असतात, मायटोकॉन्ड्रियातून सांडलेलं मोनोअमाईन ऑक्सिडेज असतं, पॉलिअमाईन ऑक्सिडेज असतात, त्यामुळे काही सॅम्पलमध्ये चक्क भरपूर सिग्नल आला. खूश व्हायच्या आधी त्यात जीएसके-एलएसडी१ घातलं, हे एलएसडी१ ला खूप नेमकं आणि जोरात अडवतं, तरी सिग्नल हलला नाही. मग तो सिग्नल एलएसडी१ चा नाहीच की. "कॅन्सर पेशींमध्ये डीमिथायलेज अॅक्टिव्हिटी वाढलेली दिसली" असा एखादा बार ग्राफ अशा किटवर काढलेला दिसला तर मेथड्समध्ये नेमका इन्हिबिटर घातलेला कंट्रोल आहे का ते आधी शोधा.

एक्स्ट्रॅक्टमध्ये अॅक्टिव्हिटी मोजता येतच नाही असं मात्र नाही हं. यी झांग यांच्या लॅबने २००५ च्या शेवटी डीमिथायलेजचं दुसरं मोठं घराणं, जेएमजेसीवालं, शोधलं ते हेला (लॅबमध्ये वाढवतात त्या मानवी कॅन्सरच्या) पेशींच्या एक्स्ट्रॅक्टमधूनच, पण त्यांनी हिस्टोनवर रेडिओअॅक्टिव्ह मिथाईल लावलं होतं आणि निघालेल्या रेडिओअॅक्टिव्ह फॉर्मल्डिहाइडचा माग काढत कॉलमवर कॉलम चालवले. बाहेर आलेला कार्बन नक्की हिस्टोनवरचाच आहे हे तिथे माहीत होतं, या किटमध्ये ते माहीत व्हायला मार्गच नाही.

समजा किट अगदी निर्दोष असता, तरी तो जनुकाबद्दल किती सांगतो? फार थोडं. प्लेटमध्ये एलएसडी१ एकटं असतं आणि समोर मोकळं पेप्टाइड. पेशीत समोर न्यूक्लिओसोम, म्हणजे हिस्टोनांवर गुंडाळलेला डीएनए, असतो, आणि त्यावर एकट्या एलएसडी१ चं काही चालत नाही, कोरेस्ट सोबत लागतं, हे २००५ मध्येच दाखवलं गेलंय. त्याच कॉम्प्लेक्समध्ये एचडीएसी१ आणि २ ही एन्झाइमं असतात, ती आधी हिस्टोनवरचं अॅसिटाईल काढतात आणि मग मिथाईलचं काम सोपं होतं. पेशीत इन्हिबिटर घालून अख्ख्या पेशीचा वेस्टर्न (अँटिबॉडीने प्रोटीन दाखवणारा ब्लॉट) केला तर डाय-मिथाईलचा बँड बऱ्याचदा जागचा हलत नाही, बदल ठरावीक एन्हान्सरवर आणि प्रमोटरवर (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या जागांवर) होतो, त्यासाठी चिप, म्हणजे अँटिबॉडीने त्या जागेचा डीएनए ओढून काढून तपासणं, करावंच लागतं. आणि सगळ्यात मोठी मेख तर अशी की ल्युकेमियाच्या पेशींमध्ये एलएसडी१ च्या इन्हिबिटरचा परिणाम बराचसा मिथाईलमुळे नसतोच. २०१८ मध्ये मँचेस्टरच्या गटाने दाखवलं की इन्हिबिटर एफएडीला चिकटून बसला की जीएफआय१ नावाच्या प्रोटीनला एलएसडी१ ला धरायला जागा उरत नाही, ते सुटतं, आणि त्याने दाबून ठेवलेली जनुकं जागी होतात. एन्झाइमचं काम नाही, त्याची नुसती हजेरी महत्त्वाची होती! आमच्या एरिथ्रॉइड पेशींत जीएफआय१ चा भाऊ जीएफआय१बी असतो, त्यामुळे हे आम्हाला थेट लागू आहे. किटवर दोन कंपाउंड सारखेच दिसले आणि पेशीत एकाने गॅमा वाढवलं, दुसऱ्याने नाही, तर त्यात चक्रावून जायचं कारण नाही. प्लेटलेट घसरणं हा या औषधांचा ओळखीचा त्रास आहे, त्यातही जीएफआय१बीचंच नाव घेतलं जातं, ते तर या डब्यातून कधीच कळणार नाही.

त्याच कंपनीचा जेएमजेसी एन्झाइमांसाठीचा भाऊबंद किट शेजारच्या लॅबने घेतलाय, केडीएम४ साठी, त्यावर मी थोडंफार काम केलंय तेवढ्यापुरतं सांगते. ही एन्झाइमं ट्राय-मिथाईलही काढतात, एफएडी नाही, लोह आणि २-ऑक्सोग्लुटरेट वापरतात, आणि पेरॉक्साइड निघत नाही म्हणून इथे फॉर्मल्डिहाइड मोजतात, फॉर्मल्डिहाइड डीहायड्रोजिनेज आणि एनएडी वापरून, त्यातून बनलेलं एनएडीएच ४६० नॅनोमीटरला दिसतं. सिग्नल रिसोरुफिनपेक्षा खूप कमी, आणि झाडपाल्याचे बरेच अर्क याच रंगात स्वतःच चमकतात. लोहाचं द्रावण दर वेळी ताजं करा, फेरस बघता-बघता फेरिक होतं आणि एन्झाइम थंड पडतं, अॅस्कॉर्बेट त्यासाठीच दिलंय. ट्रिस बफर वापरू नका, ते फॉर्मल्डिहाइडला धरून बसतं, हेपीज बफर घ्या. ईडीटीए तर लोहच पळवतं. आणि एन्झाइम निकेल कॉलमवरून काढलेलं असेल तर उरलेलं निकेल लोहाच्या जागेत बसतं, हे फार कमी जण तपासतात. शिवाय ही एन्झाइमं ऑक्सिजनवर अवलंबून. २०१९ ला सायन्स या जर्नलमध्ये लागोपाठ दोन पेपर आले की केडीएम६ए आणि केडीएम५ए ऑक्सिजन कमी झाल्याचं थेट ओळखतात आणि हिस्टोनवर त्याचा परिणाम दिसतो. आपण प्लेट लावतो मोकळ्या हवेत २१ टक्के ऑक्सिजनमध्ये, अस्थिमज्जेत तो याहून खूपच कमी असतो. आयडीएच या एन्झाइमच्या जनुकात म्युटेशन असलेल्या ट्यूमरमध्ये २-हायड्रॉक्सिग्लुटरेट साठतं आणि तेही यांना अडवतं, एलएसडी१ ला त्याचा काही फरक पडत नाही. दोन घराण्यांना एकाच किटच्या नावाखाली "हिस्टोन डीमिथायलेज" म्हणून विकणारे पण आहेत, तिथे ऑर्डर द्यायच्या आधी आत फेरस आहे का पेरॉक्सिडेज ते विचारा.

दुसरे पर्याय काय? अँटिबॉडीवाले किट थेट मिथाईल गेलं का ते बघतात, कल्पना चांगली, पण किंमत दुप्पट आणि अँटिबॉडीवर भरवसा किती ठेवायचा हा प्रश्न. २०१८ मध्ये मॉलिक्युलर सेल या जर्नलला एक काम आलं, त्यात एच३के४ च्या, म्हणजे एच३ च्या त्याच चौथ्या जागेवरच्या लायसिनच्या, पन्नासच्या वर अँटिबॉडी तपासल्या आणि बऱ्याच जणींना एक, दोन आणि तीन मिथाईलमधला फरकच नीट कळत नव्हता. माझं मत विचाराल तर हिट मिळाल्यावर माल्डीवर, म्हणजे रेणूचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक मशीनवर जा. पेप्टाइडमधून एक मिथाईल गेलं की वजन १४ ने कमी होतं, दोन गेले की २८, डोळ्यांना दिसतं, अर्काचा रंग किंवा चमक आड येत नाही, पेरॉक्साइड कुणी खाल्लं तरी फरक पडत नाही. माल्डी स्वतःकडे नसेल तर दुसऱ्या संस्थेत तासावर स्लॉट मिळतो. आमचे काउंटर-स्क्रीनमधून वाचलेले मोजके कंपाउंड माल्डीवर तंतोतंत जुळले, म्हणून तर शुद्ध एन्झाइमसाठी या किटला मी चांगलं म्हणतेय.

किंमत जीएसटी धरून साठ हजारांच्या पुढे, एका ९६ वेलच्या प्लेटसाठी. स्टँडर्ड कर्व्ह, ब्लँक, ट्रिप्लिकेट आणि काउंटर-स्क्रीन काढले तर खऱ्या कंपाउंडसाठी अर्धी प्लेटही उरत नाही. एकदाच करायचं असेल, रिव्ह्यूअरने मागितलेला एकच डेटा द्यायचा असेल, तर किट घ्या, डोकं शांत राहील. सतत करायचं असेल तर सुटं सामान घ्या, डाय आणि एचआरपी वेगळे मिळतात, एलएसडी१ चा एन-टर्मिनसचा (सुरुवातीच्या टोकाचा) सैल भाग सोडून उरलेला, साधारण १७२ ते ८५२ क्रमांकाच्या अमिनो अॅसिडचा तुकडा, ई. कोलाय या जिवाणूत बऱ्यापैकी निघतो, पिवळसर दिसला की समजायचं एफएडी सोबत आलाय. पेप्टाइड कस्टम बनवून घ्या, एच३ ची पहिली २१ अमिनो अॅसिड, आखूड घेतलं तर एलएसडी१ त्याला नीट धरत नाही. चौथ्या जागेवरच्या लायसिनवर डाय-मिथाईलच हवं असं मेलमध्ये लिहून द्या, कारण ट्राय-मिथाईल हाती पडलं तर प्लेटवर काहीच दिसणार नाही आणि आधी संशय एन्झाइमवर जाईल, आणि मास स्पेकचा रिपोर्ट ट्यूबसोबतच मागा, नंतर मागितला की "पाठवतो मॅडम" एवढंच येतं.